साध्या मंगळवारी किल्ट: लग्न नाही, सण नाही, तरी घालायचा आहे

"लग्न कुणाचं?"

एडिनबऱ्यात एका मंगळवारी मी पहिल्यांदा काही निमित्त नसताना किल्ट, म्हणजे स्कॉटिश पुरुषांचा तो गुडघ्यापर्यंतचा, निऱ्यांचा लोकरी झगा, घालून ब्रेड आणायला गेलो, तेव्हा बेकरीतल्या बाईंनी हे विचारलं. टोमणा नव्हता, आपुलकीच होती. तरी परतीचा दहा मिनिटांचा रस्ता मला फार लांब वाटला. सगळे माझ्याकडेच बघताहेत असं वाटत होतं, आणि हात सारखा कमरेशी जात होता.

स्कॉटलंडमध्ये शिकायला किंवा नोकरीला आलेले मराठी मित्र मला हेच सांगतात. सहकाऱ्याच्या लग्नात भाड्याचा किल्ट घातला, खूप आवडला, मग स्वतःचा घेतला. पण एरवी घालायचा म्हटलं की पाय दाराशीच अडखळतो. त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. त्या मंगळवारी चूक किल्टची नव्हती. मी किल्टबरोबर अख्खं लग्न अंगावर चढवून बाहेर पडलो होतो, हे समजायला मला बरेच महिने लागले.

इथल्या बहुतेक पुरुषांचं किल्टशी नातं आपल्या धोतरासारखंच झालं आहे. मुंज, लग्न, पूजा असली की धोतर निघतं, एरवी नाही. इथेही लग्न, पदवीदान, ३० नोव्हेंबरचा सेंट अँड्र्यूज डे, २५ जानेवारीची बर्न्स नाइट (कवी रॉबर्ट बर्न्सचा जन्मदिवस) अशा दिवशी किल्ट दिसतो, आणि पुष्कळदा तो दुकानातून भाड्याने आणलेला असतो. भाड्याच्या त्या संचात सगळंच येतं: चांदीच्या बटणांचा आखूड कोट, बो टाय, केसाळ स्पोरन (कमरेपुढे लोंबणारी पिशवी), पांढरे मोजे, लांब नाड्यांचे बूट. लोकांच्या डोळ्यांत किल्टचं चित्र म्हणून हा सगळा संचच बसला आहे. म्हणून संच दिसला की लग्न आठवतं. संच मोडला की तो प्रश्नही पुष्कळसा मिटतो.

आधी मनातली शंका काढा

"आपण स्कॉटिश नाही, आपण घालावा का?" ही शंका मनात असली तर कपडा कितीही नीट बसला तरी तुम्ही चोरासारखे चालाल. म्हणून ती आधी.

किल्ट कुणी घालावा यावर कायद्याचं बंधन नाही, आणि इथल्या माणसांना सहसा आनंदच होतो. टार्टनचं, म्हणजे त्या चौकडीच्या नक्षीचं म्हणाल, तर अमुक घराण्याची नक्षी बाहेरच्याने घालायची नाही असा समज आपल्याकडे असतो. प्रत्यक्षात इतकं कडक काही नाही. बाल्मोरल टार्टन तेवढा राजघराण्यासाठी राखीव आहे, त्याच्या वाटेला जाऊ नका. ब्लॅक वॉच, हंटिंग स्टुअर्ट, कॅलेडोनिया हे कुणीही घालावेत असे मानले जातात. जिल्ह्यांचे, शहरांचे, बेटांचे टार्टन असतात, तुम्ही राहता त्या गावाचा असला तर तो घ्या. सिंग नावाचा टार्टनसुद्धा नोंदलेला आहे. "हा कुठला?" असं कुणी विचारलं तर सांगता येईल असं एखादं कारण असू द्या, मग ते "रंग आवडला" एवढंच का असेना.

दुसरी गोष्ट मला जास्त धीर देऊन गेली. किल्ट मुळात समारंभाचा कपडा नव्हताच. हायलँड्समधल्या, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ मुलखातल्या, माणसांचा जुना मोठा किल्ट म्हणजे न शिवलेलं लांबच लांब लोकरी कापड. हाताने निऱ्या घालायच्या, पट्ट्याने आवळायचं, उरलेलं खांद्यावर टाकायचं. पावसात तेच डोक्यावर, रात्री तेच पांघरूण. धोतर आणि घोंगडी एकातच, असं म्हणा. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला त्यातला कमरेखालचा भाग वेगळा होऊन छोटा किल्ट रूढ झाला. १७४६ साली कलोडनच्या लढाईत हायलँडचे बंडखोर हरल्यावर ब्रिटिश सरकारने हायलँडच्या पोशाखावर बंदी घातली. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने कैद, दुसऱ्याला सात वर्षं काळं पाणी. सैन्यातल्या पलटणींना तेवढी सूट होती. बंदी उठली १७८२ मध्ये. आणि १८२२ साली राजा चौथा जॉर्ज एडिनबऱ्याला आला, कादंबरीकार वॉल्टर स्कॉट यांनी त्या भेटीचा थाट मांडला, तेव्हापासून किल्ट हा राष्ट्राचा मिरवण्याचा पोशाख झाला. म्हणजे झगमग नंतरची आहे. गुरांमागे चिखलात चालणारा किल्ट आधीचा. तुम्ही मंगळवारी साध्या स्वेटरवर किल्ट घालता तेव्हा तुम्ही परंपरा मोडत नाही.

किल्ट कोणता घ्यावा

एडिनबऱ्याच्या जुन्या भागातल्या रॉयल माइल या रस्त्यावर पर्यटकांसाठी टांगलेले पातळ, स्वस्त किल्ट घेऊ नका. त्यांचं कापड हलकं असतं, वाऱ्यात उडतं, निऱ्या दोन दिवसांत सुटतात, आणि तुम्ही नाटकाचे कपडे घातलेत असं दिसतं. अवघडलेपणाचं निम्मं मूळ या कापडात असतं.

किल्टचं कापड वारात मोजतात, आणि वार हा शब्द आपल्याला नऊवारीमुळे घरचाच. पूर्ण किल्ट आठवारी, रोजच्या वापराचा पाचवारी. आठवारीच्या मागच्या निऱ्या दाट, चालताना सुंदर डोलतात, पण तो जड आणि महाग, काहीशे पौंडांचा. पहिला किल्ट रोजसाठी हवा असेल तर माझं मत पाचवारीला. वजन औंसात सांगतात. १६ औंसाचं लोकरी कापड थंडी-वाऱ्याला उत्तम, १३ औंसाचं त्याहून हलकं. फार हलक्याच्या मोहात पडू नका. इथल्या वाऱ्यात कापडाचं वजनच तुमची लाज राखतं.

रंग मवाळ घ्या. एकाच टार्टनचे भडक आणि विटके असे वेगवेगळे रंगमेळ मिळतात. विटक्या छटेला इथे 'वेदर्ड' म्हणतात, त्यात तपकिरी, करडा, शेवाळी असे रंग येतात. ते जीन्सवाल्या गर्दीत पटकन मिसळतात. लालभडक रॉयल स्टुअर्ट लांबून ओरडतो. टार्टन नकोच असेल तर साध्या ट्वीडचा किल्टही शिवून मिळतो.

माप हा सगळ्यात चुकणारा भाग. पँटच्या मापाने किल्ट मागवू नका. जीन्स आपण ओटीपोटावर घालतो, किल्ट बेंबीशी बसतो. टेप घेऊन तिथलं माप घ्या, मग कुल्ल्यांचं. लांबी गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापर्यंत. पडताळायचं असेल तर ताठ गुडघे टेकून बसा, खालचा काठ जमिनीपासून साधारण इंचभर वर राहायला हवा. खाली घसरलेला, पोटरीपर्यंत आलेला किल्ट परकरासारखा दिसतो, आणि मग आपल्यालाच कसंतरी होतं.

नेसायचा कसा

निऱ्या मागे, सपाट पदर पुढे. आतला पदर डाव्या कमरेशी बांधायचा, बाहेरचा उजवीकडे आणून बक्कल लावायचं. पुढच्या चौकडीची मधली उभी रेघ बेंबीच्या सरळ खाली आली पाहिजे. आरशात एवढंच बघा आणि आरसा सोडा.

लग्न उतरवा

आता मुद्द्याचं काम. पलंगावर पूर्ण संच मांडा आणि एकेक वस्तू बाजूला करा.

पहिला जाईल तो प्रिन्स चार्ली, म्हणजे तो चांदीच्या बटणांचा आखूड कोट. तो संध्याकाळच्या मेजवानीचा कपडा आहे. लग्नात लोक दुपारीही घालतात ही गोष्ट वेगळी, पण किराणा आणायला तो नको. त्याच्याबरोबर बो टाय आणि वेस्टकोट आपोआप जातात. त्या जागी जाडसर लोकरी स्वेटर, साधा शर्ट, उन्हाळ्यात एकरंगी टी-शर्ट. स्वेटरचा रंग टार्टनमधल्याच एखाद्या बारीक रेघेचा घेतला की बाकी काही जुळवावं लागत नाही. शर्ट चौकडीचा नको, दोन चौकड्या एकमेकींशी भांडतात. पावसाळी जाकीट तुमचं रोजचंच घाला. मात्र ते फार लांब नको. गुडघ्यापर्यंतच्या कोटाखालून किल्टची फक्त कड दिसली की विचित्र वाटतं.

मग मोजे. पांढरे शुभ्र मोजे लग्नाची आठवण सगळ्यात जास्त करून देतात. करडे, बाटली-हिरवे, गडद निळे, काळपट तपकिरी असे जाड लोकरी मोजे घ्या. ते गुडघ्याखाली दोन-तीन बोटांवर नीट दुमडून घालता येतात, नाहीतर सरळ घोट्यापर्यंत खाली सारून, चुरगळलेले. रोजसाठी मी खाली सारलेलेच घालतो. मोज्यांवरून डोकावणाऱ्या रंगीत फिती घरी ठेवा. लांब नाड्या पायाला गुंडाळायचे, जीभ नसलेले ते बूटही. साधे चामडी बूट किंवा डोंगर चढायचे बूट किल्टखाली उत्तम दिसतात, कारण किल्टला खाली थोडं वजन हवं असतं. पातळ तळाचे पांढरे स्पोर्ट्स शूज मला कधी पटले नाहीत.

मोज्यात खोचायचा छोटा सुरा, स्गियन डू. राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून स्कॉटलंडच्या कायद्यात त्याला सवलत आहे. पण टी-शर्ट आणि डोंगरी बुटांबरोबर तो मिरवण्याचं कारण नाही, आणि पबच्या दारात त्यावरून वाद घालायची वेळ येऊ नये. घरी ठेवा. विमानाने जाताना तो हातातल्या सामानात चालत नाही, चेक-इन करायच्या बॅगेत टाका. किल्टची बक्कलं यंत्राखाली वाजू शकतात, म्हणून पाच मिनिटं हाताशी ठेवा.

स्पोरन मात्र काढू नका. किल्टला बहुधा खिसे नसतात, मोबाइल आणि किल्ल्या ठेवायला दुसरी जागा नाही. केसाळ किंवा चांदीच्या कड्यांचं नको, साधं तपकिरी चामड्याचं घ्या. ते पट्ट्याच्या बक्कलखाली चार बोटांवर लोंबावं. फार खाली गेलं तर चालताना आदळतं, आणि आदळलं की हात तिथे जातो. बसताना किंवा गाडी चालवताना ते सरकवून कमरेच्या बाजूला घ्यायचं, इथले जुने लोक तसंच करतात.

किल्टची पिन लावायची असेल तर फक्त वरच्या पदराला, खालच्या कोपऱ्याशी. दोन्ही पदर एकत्र टोचले तर पहिल्याच वाकण्यात कापड फाटतं. ती कुलूप नसून वजन आहे.

उलट टोकालाही जाऊ नका. लाल केस चिकटवलेली चौकडीची टोपी, काटेरी फुलाच्या चित्राचा टी-शर्ट, गळ्यात झेंडा, असलं एकत्र केलं की किल्टची थट्टा होते. ज्यांच्या पूर्वजांना तो घातला म्हणून तुरुंगात टाकलं, त्यांच्या देशात आपण राहतो. साधेपणाने घालणं हाच इथे आदर.

दोन संध्याकाळी घरात

नवा किल्ट थेट रस्त्यावर नेऊ नका. आधी घरात घाला आणि रोजची कामं करा. भांडी घासा, जिने चढा, पडलेली वस्तू उचला. उचलताना कमरेतून वाकायचं नाही, गुडघ्यांत बसायचं. बसताना दोन्ही हात मागून खाली फिरवून निऱ्या सारख्या करायच्या आणि मग टेकायचं. साडी नेसलेल्या बायका हे किती सहज करतात ते मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं. बसल्यावर पुढचा पदर मांड्यांच्या मध्ये सोडायचा, गुडघे फार फाकवायचे नाहीत.

आत काय, हा प्रश्न तुम्हालाही असणार. आत काहीच घालायचं नाही या सैनिकी परंपरेच्या गोष्टी काहीही असोत, रोजच्या वापरात गडद रंगाची अंतर्वस्त्रं घाला. लोकर टोचते, बसचे जिने अरुंद असतात, आणि निर्धास्तपणा हवा असेल तर ही काळजी आधीच मिटलेली बरी.

पहिलं बाहेर पडणं

जागा विचार करून निवडा. माझा सल्ला: पहिल्यांदा स्कॉटलंडच्या सामन्याच्या दिवशी. फेब्रुवारी-मार्चमध्ये सिक्स नेशन्सचा रग्बी सामना मरेफील्डवर असतो तेव्हा एडिनबऱ्याच्या रस्त्यावर पुष्कळ किल्ट दिसतात. ग्लासगोच्या हॅम्पडन पार्कला फुटबॉलसाठी जाणारी टार्टन आर्मी, म्हणजे स्कॉटलंडच्या संघाचे चाहते, तर किल्टवर संघाची जर्सी, जाड बूट आणि घसरलेले मोजे अशीच असते. किल्ट साधेपणी कसा घालतात हे शिकायला याहून चांगली शाळा नाही. गर्दीत उभे राहा आणि बघा, एकही माणूस पदर सावरत नसतो.

त्यानंतर 'केली' (ceilidh), म्हणजे इथला सामूहिक नाच. तिथे किल्ट अपेक्षितच असतो, आणि तासाभराच्या नाचानंतर तो अंगाचा होतो. मग रविवारी पेंटलँडच्या टेकड्यांवर चालायला जा. त्यानंतर कोपऱ्यावरचा पब. आणि मगच तो मंगळवार: किराणा, बस, टपाल. ऑफिस सगळ्यात शेवटी, तेही वरिष्ठांना आधी सहज विचारून.

एकाच ठिकाणी तीनदा जा, हे मी आग्रहाने सांगेन. पहिल्यांदा लोक बघतात, दुसऱ्यांदा ओळखतात, तिसऱ्यांदा ती तुमची सवय होते. दर वेळी नव्या ठिकाणी गेलात तर दर वेळी पहिलीच वेळ असेल.

आणि हात. हात खिशात जायला खिसा नसतो, म्हणून तो पदराकडे जातो. पहिले काही दिवस हातात काहीतरी धरा, छत्री, पिशवी, पुस्तक. स्वतःला सावरणारा माणूसच इतरांच्या नजरेत भरतो.

लोक बोलतील तेव्हा

बहुतेक जण छान दिसतं म्हणतील. हसून आभार माना, एवढं पुरे. आपल्याला लगेच "नाही हो, सहजच घातला" असं म्हणायची सवय असते, ती आवरा. घराण्याबद्दल विचारलं तर टार्टनचं नाव सांगा. पर्यटक फोटो मागतील, नको असेल तर नाही म्हणा. "लग्न कुणाचं?" याला मी आता म्हणतो, "कुणाचंच नाही, आज थंडी आहे." लोकरीच्या आठ वारांत थंडी खरंच वाजत नाही, त्यामुळे ते पटतंही.

एक गोष्ट मात्र सहन करायची नाही. पबमध्ये कुणी थट्टेत किल्ट उचलायला आलं तर मोठ्याने, स्पष्ट "नको" म्हणा आणि तिथल्या कर्मचाऱ्यांना सांगा. घालणारा पुरुष आहे म्हणून तो छळ गमतीचा होत नाही.

घरच्यांचं वेगळं. व्हिडिओ कॉलवर आईने मला बघितलं आणि म्हणाली, "अरे, गुडघे उघडे टाकून थंडीत काय हिंडतोस?" झग्याबद्दल ती काही बोलेल या धास्तीत मी होतो, तिला काळजी फक्त गुडघ्यांची होती. पुढच्या वेळी तिने निऱ्या मोजायला लावल्या.

गणपतीत किल्ट घालून जाणाऱ्यांसाठी दोन सूचना. स्पोरन आणि पट्टा चामड्याचा असतो, देवापुढे बसण्याआधी काढून ठेवा. आणि मांडी घालून बसायचं असेल तर पाचवारीच बरा. आठवारीच्या निऱ्या खाली दबून कायमच्या मोडतात, शिवाय पुढचा पदर सावरत आरतीकडे लक्ष राहत नाही. मी पूजेला धोतर नेसतो आणि प्रसादाच्या वेळी किल्ट, दोन्हींना आपापली वेळ मिळते.

पाऊस, चिलटं, कसर

लोकर भुरभुर पाऊस सहज झेलते. धो-धो पावसात मात्र भिजलेला काठ गुडघ्यांच्या मागे घासतो आणि कातडी सोलते, तेव्हा लांब चालायला जाऊ नका. उन्हाळ्यात पश्चिम हायलँड्समध्ये मिज नावाची बारीक चिलटं असतात, उघड्या गुडघ्यांवर त्यांची मेजवानी होते. वारा पडलेली संध्याकाळ असेल तर औषध चोळूनच निघा.

भिजलेला किल्ट हीटरवर टाकू नका, सावलीत टांगून वाळवा. दर वापरानंतर ब्रश फिरवा, धुण्याची गरज क्वचितच पडते. पडली तर ड्रायक्लीनला देण्याआधी निऱ्यांवर खालच्या बाजूने धावदोरा घाला, म्हणजे घडी मोडत नाही, आणि आल्यावर तो उसवून टाका. कसर लागू नये म्हणून वरचेवर बाहेर काढून झटका. भोक पडलं तर ताबडतोब रफू करून घ्या.

आणि तो दुकानातून आलेल्या लांब झाकणाच्या पिशवीत, कपाटाच्या तळाशी ठेवू नका. चिमट्यांच्या हँगरला लावून रोजच्या जीन्सशेजारी टांगा, जिथे सकाळी झोपेतही हात पोचतो.